स्लॅब पाण्यावर असताना सहल: घराचं काम आणि दोन गाड्यांचा प्रवास कसा जुळवावा

जुन्या चिरेबंदी घराचं काम आणि भावंडांची एकत्र सहल कोकणात बहुधा एकाच सुट्टीत येऊन पडते, कारण मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हाच सापडतात. अशा वेळी आधी कामाचे टप्पे कागदावर मांडा आणि सहल त्यात बसवा. बांधकामात काही दिवस घराला माणसांपेक्षा पाण्याची गरज जास्त असते. सहलीला जायचं ते त्या दिवसांत. उलट केलंत, म्हणजे आधी खोल्या बुक करून मग मिस्त्रीला तारखा दिल्यात, तर स्लॅब घाईत भरला जातो आणि त्याची गळती पुढे अनेक पावसाळे सोसावी लागते.

हंगाम आधी बघा. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि रस्ते चाकरमान्यांच्या गाड्यांनी भरतात. शिमग्याला गवंडी आणि गडी पालखीसाठी आपापल्या गावी जातात, तेव्हा तो पंधरवडा कामाच्या हिशेबात धरूच नका. नाताळ ते 1 जानेवारी गणपतीपुळे आणि मालवणात खोली मिळणं अवघड. उरतो तो दिवाळीनंतरचा नोव्हेंबर-डिसेंबर आणि जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते शिमग्याच्या आधीपर्यंतचा काळ. दोन्ही गोष्टींना हाच चांगला.

घर सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आणि ग्रामपंचायतीची परवानगी काम सुरू होण्याआधी हातात हवी. कोण किती पैसे घालणार हेही आधीच लिहून ठेवा. गाडीत बसल्यावर हा विषय काढला तर सहल आणि काम दोन्ही बिघडतात.

समजा मागची पडवी काढून तिथे स्वयंपाकघर आणि बाथरूम होणार आहे आणि वर 500 चौरस फुटांचा स्लॅब आहे. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस, आणि पीपीसीसारखं (पोर्टलँड पोझोलाना) मिश्र सिमेंट असेल तर किमान 10 दिवस सतत ओलावा लागतो. कोकणात बहुतेक ठिकाणी पीपीसीच येतं, तेव्हा 14 दिवस धरून चाला. त्या काळात वर दुसरं काम चढवायचं नसतं. स्लॅब भरला तो दिवस आणि पुढचे दोन दिवस घरी थांबा, चौथ्या दिवशी सकाळी निघा, आठव्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत या. पाच दिवस आणि चार मुक्काम मिळतात.

स्लॅब भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर वाफे, म्हणजे पाणी साठवायला छोटे बांध घातलेले चौकोन, बांधून घ्या. कमी सिमेंटच्या मसाल्याचे किंवा चिकणमातीचे, प्रत्येक वाफा साधारण मीटर-सव्वा मीटर लांबीरुंदीचा. स्लॅबला थोडा उतार असतोच, त्यामुळे मोठा वाफा केला तर एका कडेला दोन इंच पाणी साचतं आणि दुसरी कड कोरडी राहते. ती कोरडी कडच पुढे तडकते. कॉलम आणि बीमच्या बाजूंना गोणपाट गुंडाळून भिजवत ठेवा. वाफ्यात 25 मिमी पाणी ठेवायचं तर पहिल्या भरण्यालाच 1,150 लिटरच्या आसपास लागतं, वर रोजची भर वेगळी. वीज गेली की पंप बंद पडतो, म्हणून निघण्याआधी वरच्या टाकीत किमान 2,000 लिटर पाणी भरलेलं हवं, आणि टाकीपासून स्लॅबपर्यंत पाइप जोडलेला हवा.

पाणी कुठलं, हे विचारा. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी खारं असेल तर ते ना काँक्रीटमध्ये वापरावं ना वरून मारावं. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. जिभेवर भरवसा न ठेवता प्रयोगशाळेतून तपासून घ्या. खाडीची न धुतलेली रेतीही याच कारणाने नको. मिठाने सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं आवरण पोपडे धरून पडतं. समुद्राच्या वाऱ्याला उघड्या भागात सळईवर 45 मिमी काँक्रीट असावं असं आयएस 456 सांगतं. स्लॅब भरण्याआधी सळईखालचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारे ठोकळे) स्वतः मोजा, कारण बाजारात 20 मिमीचे सहज मिळतात आणि तेच लावले जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे स्लॅबखाली साचा लावणाऱ्याला, त्याच्या प्लेटा आणि टेकू दुसऱ्या कामावर हवे असतात. मालक घरी नसला की आठव्या दिवशीच काढायची घाई होते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू 7 दिवसांनी निघू शकतात, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे 14 आणि त्याहून लांब बीमखालचे 21. ही किमान मुदत आहे, इंजिनियरने जास्त सांगितली तर त्याचंच ऐका. करारात एक ओळ लिहून घ्या: मालक घरी परतल्याशिवाय आणि इंजिनियरने होकार दिल्याशिवाय एकही टेकू काढायचा नाही. निघताना टेकू मोजा आणि फोटो काढा.

पाणी मारायला घरचा माणूस नसेल तर शेजारच्या विश्वासू माणसाला रोजावर ठेवा. मिस्त्रीच्या गड्यावर एकट्यावर सोडू नका, कारण मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेला की गडीही जातो. पाणी मारणाऱ्याला नुसतं ‘पाणी मारलंस काय?’ विचारलं तर उत्तर ‘होय’च येणार. त्याऐवजी असं सांगा: ‘दादा, सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला वाफ्यात पट्टी उभी करून एक-एक फोटो टाका.’ पट्टीवर 25 मिमीची खूण पाण्यात बुडालेली दिसली की काम झालं.

घर सोडून जाऊ नये असेही टप्पे आहेत. कौलारू भाग उघडा असताना मुळीच नाही. अवकाळीची एक सर आली तरी माजघरातली लाकडी तक्तपोशी फुगते, आणि माकडं रचून ठेवलेली कौलं फोडतात. मंगलोरी कौल एका चौरस मीटरला साधारण 15 लागतात. जास्तीची शेकडा दहा आणून ठेवा. जुनी आणि नवी कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून छपराच्या एका पाखावर सगळी जुनी आणि दुसऱ्यावर सगळी नवी घाला. हे वाटप तुम्ही उभं राहूनच होतं. वायरमन भिंती खणतो ते दिवसही घरचेच. स्वयंपाकघरातला मिक्सरचा पॉइंट कुठे हे काकू किंवा वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून सांगतील तेच बरोबर असतं. भिंतीत पाइप बसले की टाइल लागण्याआधी दाब देऊन तपासा, आणि प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो घ्या. पुढे खिळा कुठे मारायचा हे त्यातूनच कळतं. बाथरूमच्या फरशीला दर मीटरला 10 ते 15 मिमी उतार हवा, तोही बादलीभर पाणी ओतून समोर बघायचा.

पुट्टी घासणं, लाकडाला पॉलिश, वाळवीची फवारणी यांतही माणसं बाहेर असलेली बरी, विशेषतः घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर. नव्या गिलाव्यावर मात्र चार आठवड्यांच्या आत रंग देऊ नका, खार फुटून रंग सुटतो.

घर उघडं पडणार असेल तर देवघरातले देव भावकीतल्या कुणाकडे नेऊन ठेवा, म्हणजे रोजचा दिवा चुकत नाही. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या आणि दागिने लॉकरमध्ये ठेवा. तांब्याची भांडी एका खोलीत कुलपात.

प्रवास घरापासून एका दिवसात परत येता येईल इतक्याच टप्प्यात आखा. गुहागर तालुक्यातल्या घरातून निघालात तर तवसाळ-जयगड फेरीबोटीने गणपतीपुळे, मग आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, पुढे विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण. शेवटचे दोन मुक्काम मालवणात एकाच ठिकाणी करा. सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली तिथूनच होतात. सागरी रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरच धरा. पेट्रोल पंप कमी आहेत, रत्नागिरीत टाकी भरूनच पुढे जा. फेरीबोट रात्रभर नसते, शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि भरलेल्या गाडीचं पोट घासतं, तेव्हा चालवणारा सोडून सगळ्यांनी खाली उतरावं. बोटीत हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा.

दोन गाड्यांत माणसं वाटताना घरकामाचे निर्णय घेणारा माणूस एका गाडीत ठेवा आणि त्या गाडीत आजी-आजोबा किंवा तान्हं मूल नको. घरून फोन आला तर ती गाडी एकटी परतू शकते आणि बाकीच्यांची सहल चालू राहते. खोल्या बुक करा त्या सळई बांधून झाल्यावर, आणि तारीख दोन-तीन दिवस पुढे सरकवता येईल का हे विचारूनच.

पैशाचे हिशेब वेगळे ठेवा. जुन्या घराच्या अंदाजावर 15 ते 20 टक्के जादा धरा, कारण वासा काढल्यावरच वाळवी दिसते. त्या जादा रकमेतून सहलीचा खर्च करू नका. मिस्त्रीला निघण्याआधी आठवड्याचा पगार द्या, पण स्लॅबच्या टप्प्याचे शेवटचे 10 टक्के राखून ठेवा.

परतलात की बॅगा उतरवण्याआधी टेकू मोजा आणि फोटोशी ताडून बघा. वर जाऊन प्रत्येक वाफ्यात पाणी आहे का ते पाहा, कोरडा दिसला तर तिथे तडे शोधा. टेकू काढायच्या दिवशी समोर हजर राहा. प्लेटा निघाल्या की खालून खडी उघडी पडलेल्या जागा खडूने वर्तुळ करून इंजिनियरला दाखवा, त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या बुजवल्या की राखलेले 10 टक्के द्या.