ट्रॅक डेला तिसऱ्या लॅपपासून मळमळ: मला काय लागू पडलं

ट्रॅक डे म्हणजे रेसच्या ट्रॅकवर हौसेने गाडी पळवायचा दिवस. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर स्वतः गाडी चालवतानाही तिसऱ्या लॅपला, म्हणजे फेरीला, लाळ सुटायची, हेल्मेटच्या पॅडखाली थंड घाम यायचा. उपाशी राहिलो, आलं चघळलं. प्रोमेथाझिन या मळमळीवरच्या गोळीने गुंगी आली. गाडी चालवायची तर ती नकोच. दोन सीझन फार जीव जळला.

जमलं ते असं. दोन तास आधी दोन कोरड्या इडल्या. पट्टा घट्ट. पहिले दोन लॅप सावकाश. मग मुख्य गोष्ट: नजर बॉनेटसमोर नाही, वळणात शिरतानाच ते जिथे संपतं तिथे. डोळे आणि तोल सांभाळणारे कान मग एकच हालचाल सांगतात. पहिली जांभई, म्हणजे मळमळीची चाहूल, आली की त्याच लॅपला पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर), हेल्मेट काढून सावलीत वीस मिनिटं लांबवर बघत उभं राहायचं. तेव्हा मोबाइलवर लॅपचा व्हिडिओ अजिबात नाही. परवा चारही सत्रं पूर्ण केली.