लेकरू पियानोला बसेना? मग आधी चिंचोके काढा

माझी लेक सात वर्षांची. मागच्या जूनमध्ये मोठ्या हौसेनं कीबोर्ड घेतला, क्लास लावला आणि दिवाळीपर्यंत तो कीबोर्ड आजीचं जुनं लुगडं पांघरून कोपऱ्यात उभा. रोज संध्याकाळी मी म्हणायचे बस गं, आणि तिचं लगेच पोट दुखायचं. तिचं मन वाजवण्यावरून उडालं नव्हतं, तीच ओळ दहा दहा वेळा वाजवायचा वीट आला होता, हे मला लई उशिरा कळलं. मग आम्ही महिनाभर पुस्तक बाजूला ठेवून नुसते खेळ खेळलो, तेच सांगते. आमच्या लातूरकडं खरा पियानो कुणाच्या घरी असतोय, बहुतेकांकडं ६१ पट्ट्यांचा कीबोर्डच, तर हे सगळं त्याच्यावर होतं.

आधी एक काम करा, ते लुगडं काढा. कीबोर्ड झाकलेला असला की लेकरू जाता येता हात लावत नाही. आणि बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या बरोबरीला यायला पाहिजे, येत नसेल तर खुर्चीवर उशी टाका.

पहिला खेळ शोधाशोधीचा. काळ्या पट्ट्या नीट बघितल्या तर दोन, मग तीन, परत दोन, परत तीन अशा असतात. दोनाच्या जोडीला डावीकडून चिकटून जी पांढरी ती सी नावाच्या सुराची पट्टी, आपल्या पेटीवाल्यांची (हार्मोनियमवाल्यांची) पांढरी एक. लेकराच्या हातात मूठभर चिंचोके द्या आणि म्हणा असे जेवढे सी सापडतील त्या प्रत्येकावर एक ठेव. लेकरू पाच ठेवून थांबतं बघा, कारण सहावा एकदम उजव्या टोकाला असतो आणि त्याच्या पुढं काळी जोडीच नसते. आमची तर ओरडलीच, "आज्जे, हा एकटाच राहिलाय!" त्या दिवसापासून तिला सी कुठंय हे सांगावं लागलं नाही. म्हणून पट्ट्यांवर ए बी सी डी चे स्टिकर चिकटवू नका असं माझं मत आहे, लेकरू मग स्टिकर वाचतं, पट्ट्या बघत नाही. घरात आजोबा भजनाला पेटी वाजवत असतील तर हाच खेळ पेटीवर पण खेळा, पट्ट्यांची मांडणी तीच असते.

दुसरा खेळ आमचा सगळ्यात लाडका, फक्त काळ्या पट्ट्यांवर गोष्ट वाजवायची. काळ्या काळ्याच दाबल्या तर काहीही वाजवा, कानाला खटकत नाही. पेटीवाले सांगतील, काळी तीनला सा धरला की त्याच पाच पट्ट्यांवर भूप रागाचे स्वर येतात. तर मी गोष्ट सांगते आणि ती वाजवते. डावीकडं खाली ढग गडगडतात, उजवीकडं वर एक एक थेंब पडतो, मधी बैलगाडी खडखड करत येते, मग पाऊस हुलकावणी देऊन निघून जातो आणि सगळं गप्प. गप्प राहायचं पण शिकायला लागतं ना, ते इथं आपोआप येतं.

ठेका शिकवायला जेवणाचं ताट घ्या. "ठे-चा" म्हणजे दोन सावकाश ठोके, "शें-ग-दा-णा" म्हणजे तेवढ्याच वेळात चार भरभर. एकाच पट्टीवर "ठेचा, ठेचा, शेंगदाणा, ठेचा" वाजवायला लावा, आधी मांडीवर थापून, मग बोटानं. रोज नवीन ताट लेकरालाच मांडू द्या.

हळू-जोरात साठी आमचा खेळ "आज्जी झोपली, वरात आली". पियानोचं मूळ इटालियन नावच हळू आणि जोरात या दोन शब्दांचं, १७०० च्या सुमारास इटलीत क्रिस्तोफोरीनं तो केला तोच मुळी बोटाच्या जोरावर आवाज कमी जास्त व्हावा म्हणून. कीबोर्ड घेताना मात्र टच रिस्पॉन्स आहे का विचारा, नसेल तर कितीही हळू दाबा आवाज तेवढाच येतो आणि हा खेळ होतच नाही.

बोटांसाठी तळहातात लिंबू धरायला द्या, मग लिंबू काढून हात तसाच गोल पट्ट्यांवर ठेवा. अंगठा एक, करंगळी पाच, दोन्ही हातांना तेच. डोळे मिटून "डावी तीन!" म्हणलं की ते बोट हलवायचं, बास.

आता ज्याच्यावरून घरोघरी भांडण होतं ते, सराव. पाच चिंचोके कीबोर्डच्या डाव्या कडेला ठेवा. अवघड तेवढाच तुकडा, दोन चार सुरांचा, बरोबर वाजला की एक चिंचोका उजवीकडं. चुकलं की सगळे परत असं बरेचजण करतात, मी केलं तर लेक चौथ्या चिंचोक्याला रडली. आता चुकलं की एकच परत येतो आणि ती स्वतःच म्हणते थांब, हळू वाजवते. सोबत एका डब्यात चिठ्ठ्या ठेवा, उभं राहून, डोळे मिटून, मांजराच्या पावलानं, एकाच हातानं. चिठ्ठी निघेल तसं वाजवायचं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, आणि मजा यायला लागली की तिथंच थांबवा, उद्या लेकरू आपण होऊन येतं.

वाजवलेलं ऐकायला माणसं पाहिजेत. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळे शेतात जेवायला जातात तेव्हा, आम्ही कीबोर्ड शेतातच नेला, कडब्याच्या कोपीसमोर घोंगड्यावर ठेवून तिनं तो पाऊस वाजवला, आणि भज्जी-आंबील वाढता वाढता मामी म्हणाली, "आता वीज पाड की गं!" तर तिनं पाडली. तुम्ही नेणार असाल तर सेलवर चालणारा आहे का ते आधी बघा आणि जास्तीचे सेल सोबत ठेवा, आमचे परत वाजव परत वाजव करता करता संपले.