पैसे भरण्याआधी कोणाला विचारायचं आणि काय विचारायचं

आमच्याकडे सल्ला मागायची एक ठरलेली रीत आहे. मोबाइल समोरच्याच्या नाकापुढे धरायचा आणि विचारायचं, "भाऊ, हे चांगलं हाय का?" तो दोन सेकंद बघतो आणि म्हणतो, "चांगलंच असन ना." झाला सल्ला.

अशाच सल्ल्यावर मी १,८०० रुपये घालवले आहेत. सोयाबीन विकून घरात थोडे पैसे आले होते. 'घरबसल्या फॉर्म भरा, आठवड्याला कमवा' अशी जाहिरात मोबाइलवर आली. रिचार्जच्या दुकानातल्या पोराला विचारलं, तो म्हणाला बरेच लोक करतात. नोंदणीचे पैसे भरले, रात्री जागून फॉर्म भरले. सातव्या दिवशी लॉगिन बंद आणि नवव्या दिवशी 'वकिला'चा फोन: तुमच्या कामात चुका निघाल्या, करार मोडला, ६,००० भरा नाहीतर कोर्टाची नोटीस येते. चार दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी बचत गटाच्या बँकसखीजवळ, म्हणजे गावात बँकेची कामं करून देणाऱ्या बाईजवळ, बोलले. ती हसलीच. "वैनी, हाच फोन मागच्या महिन्यात माह्या जावेले आलता. उचलू नका, काही होत नाही."

म्हणजे माहिती चार घरं सोडून होती. मी विचारलंही होतं, पण ज्याला माहीत नव्हतं त्याला, आणि ज्याचं उत्तर 'हो'च येणार असा प्रश्न. त्यानंतर शिलाई शिकताना आणि पुढे भाच्याच्या ड्रोनच्या कोर्सच्या वेळी जसं विचारत गेले, ते इथे पायऱ्यांनी लिहिते.

पायरी १: आपलं वाक्य आधी ठरवा

"मला काहीतरी शिकायचं आहे" असं म्हटलं की समोरचा त्याला जे माहीत आहे ते सांगतो. माझं वाक्य वहीत असं होतं: सहा महिन्यांत गावातल्या बायांचे साधे आणि कटोरी ब्लाऊज शिवता आले पाहिजेत, खर्च ३,००० च्या वर नको, दुपारचे दोन तासच मिळतात. एवढं सांगितलं की अर्धे सल्ले आपोआप गळतात.

पायरी २: तीन माणसं शोधा

एक, जो त्या कामावर आज पैसे कमावतो. दोन, ज्याने ते शिकून सोडून दिलं. तीन, जो तुम्हाला पुढे काम देणार.

दुसऱ्या माणसाकडे कोणी जात नाही, आणि खरी माहिती त्याच्याकडेच असते. आमच्या गल्लीत एका बाईने शिलाई मशीन घेऊन दोन वर्षांत विकून टाकली होती. मी तिला विचारलं, काय झालं? शिलाई जमत होती, ती म्हणाली. पण दिवाळीला ब्लाऊज नेलेल्या बाया "कापूस विकला की देतो" म्हणायच्या, आणि कापूस विकला की आधी कृषी केंद्राची उधारी जायची. तिचे पैसे संक्रांतीपर्यंत लोंबकळत. शिवाय लाईट नेमकी दुपारी जायची आणि मशीनला मोटर. हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. मी पायाची मशीन घेतली आणि पहिल्या दिवसापासून अर्धे पैसे आगाऊ घेते.

तिसरी भेट दारव्ह्याच्या एका साडीच्या दुकानात झाली. बाहेरून शिवून घेताना ते सर्टिफिकेट बघत नाहीत, नमुना मागतात, एवढं कळलं. दहा मिनिटांचं काम होतं.

या तिघांशिवाय घरातले लोक सल्ला देतातच. मामाजी म्हणतात शिक, जाऊबाई म्हणते कायले. ऐकून घ्यावं. भांडू नये.

आणि एक प्रश्न तोंडावर विचारायचा, लाजायचं नाही: "मी पैसे भरले तर तुले काही भेटते का?" बऱ्याच कोर्सवाल्यांचं आणि ॲपवाल्यांचं 'दुसऱ्याला जोडा, पैसे मिळवा' असं असतं. जोडणारा चुलतभाऊ असला तरी तो त्या वेळी विक्रेता असतो. कमिशन घेणं वाईट नाही, आमचा बियाणेवालाही घेतो. पण त्याचं मत मोजताना ते लक्षात ठेवायचं.

पायरी ३: 'चांगलं आहे का' हा प्रश्न सोडा, 'दाखवा' म्हणा

चांगलं आहे का, जमेल का, फायदा आहे का, या सगळ्यांचं उत्तर 'हो'च येतं, कारण गावात कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. त्याऐवजी आकडा, दिवस किंवा वस्तू निघेल असं विचारा. एकूण किती भरले, सुरुवातीच्या फीनंतर आणखी काय काय मागितलं? पहिलं काम किती दिवसांनी मिळालं, त्याचे किती आले? काय बिघडलं? पैसे परत मागितले होते का, किती दिवसांनी आले?

तिघांतल्या पहिल्या, म्हणजे शिलाईवर आज कमावणाऱ्या काकूंना मी विचारलं, "काकू, शिकताना तुमचं नुकसान किती झालं?" त्या काही बोलल्या नाहीत. उठून लोखंडी पेटीतून एक गाठोडं काढून माझ्यासमोर सोडलं. आत सात ब्लाऊज. एकाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, इतका आत कापलेला की हात वर होणार नाही. एकाच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या. एक हिरवा खणाचा, उसवून उसवून काठ झिजलेला. "ही माही फी," त्या म्हणाल्या. "लोकायच्या कापडाचे पैसे मीच भरले." सात ब्लाऊजचं कापड, त्या वेळचा भाव, असा हिशोब आम्ही तिथेच बसून केला. मला शिकायला किती लागेल याचा तो पहिला खरा अंदाज होता.

मग मी मोबाइल काढला. शिलाईचा एक ऑनलाइन कोर्स होता, किंमत २,९९९, आणि 'आज रात्री १२ पर्यंत ४९९'. (ती रात्र महिनाभर रोज येत होती, ते वेगळं.) त्यांनी एक धडा फुकट ठेवला होता. तो मी काकूंना लावून दिला. ही युक्ती कोणत्याही कामाला चालते: फुकटचा धडा आपण एकट्याने पाहायचा नाही, ते काम येणाऱ्या माणसाजवळ बसून पाहायचा. आपल्याला शिकवणारा छान बोलतो एवढंच दिसतं. काम येणाऱ्याला त्यात काय राहिलं ते दिसतं.

काकूंनी चष्मा लावला आणि पाच मिनिटांत दोनदा थांबवायला सांगितलं. "हिनं अस्तर भिजवलंच नाही." सुती अस्तर कापण्याआधी पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरच्या कापडाला फुगे येतात. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "छत्तीसच्या मापावर सांगून राहिली. बेचाळीस आली तर हे टक्स कुठं घेशीन?" (टक्स म्हणजे फिटिंगसाठी घेतलेल्या चुण्या.)

कोर्स खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगते. तो माझ्यासाठी अपुरा होता. फसवणूक आणि अपुरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गावात दोन्हीला 'फ्रॉड' हा एकच शब्द वापरतात. मी पैसे भरले नाहीत. दुपारी काकूंची काज-बटणं आणि फॉल-पिको करून द्यायचे, बदल्यात त्या कटिंग शिकवायच्या. रात्री फुकटचे व्हिडिओ.

पायरी ४: फुकटचं काय आहे ते आधी विचारा

बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. ग्रामीण तरुण-तरुणींना तिथे शिलाई, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन असे वर्ग मोफत मिळतात, राहणं-जेवणही धरून. पत्ता तुमच्या बँकेच्या शाखेत किंवा गटाच्या सीआरपीताईंकडे, म्हणजे बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या ताईंकडे, मिळतो. शेतीचं काही असेल तर कृषी विज्ञान केंद्र. कॉलेजच्या विषयांसाठी केंद्र सरकारचं स्वयं पोर्टल आहे. तिथे शिकणं फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. हे सगळं पाहून झाल्यावरही पैसे भरून शिकावंसं वाटलं तर खुशाल शिका.

पायरी ५: ऑनलाइन सेवा दोघांनी मिळून तपासा

भाचा बारावी झाला आणि त्याच्या डोक्यात ड्रोन शिरलं. त्याचं चूक नव्हतं. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून पाठीवरच्या पंपाची धास्ती आहे. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याइतकी झाली की मजूर येत नाही. त्यामुळे ड्रोनवाल्याला काम आहे. त्याला जाहिरात सापडली: 'दोन दिवसांत घरबसल्या ड्रोन पायलट, सरकारमान्य सर्टिफिकेट, ५,०००.'

मी म्हटलं, आधी वाक्य लिही, मग माणूस शोध. शेजारच्या गावात ड्रोनने फवारणी करणारा एक मुलगा येतो. आम्ही त्याला वावराच्या धुऱ्यावर गाठलं. त्याने मोबाइलमध्ये स्वतःचं प्रमाणपत्र उघडून दाखवलं. "भाऊ, मैदानात उभं राहून उडवून दाखवा लागते. मोबाइलवर बसून नाही भेटत हे." २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे फवारणीचं ड्रोन चालवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, किमान दहावी पास, आणि प्रशिक्षण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्यता दिलेल्या संस्थेतच. अशा संस्थांची यादी सरकारी पोर्टलवर असते. जाहिरातवाल्याचं नाव त्यात नव्हतं.

यातून एक नियम घ्या. कोणी 'सरकारमान्य' म्हटलं की विचारायचं, कोणत्या खात्याची मान्यता? मग त्या खात्याच्या साइटवर आपण स्वतः जायचं, त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून नाही. सरकारी साइटचा पत्ता बहुतेक वेळा 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'वर संपतो. फोन नंबरही यादीतला घ्यायचा, जाहिरातीतला नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, पण या करताना कोणीतरी शेजारी बसलेलं असू द्या. एकट्याने रात्री अकरा वाजता करू नका.

पत्त्याजवळचं कुलूप पाहून निश्चिंत होऊ नका. तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसतंच.

ॲपखालची मतं वाचताना पाच चांदण्यांची सोडा, 'नवीन आधी' लावा आणि तीन चांदण्या देणाऱ्यांची वाचा. रागाने किंवा प्रेमाने न लिहिणारा माणूस तिथे सापडतो.

यूपीआयवर पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव येतं. कंपनीचा कोर्स आणि नाव भलत्याच माणसाचं, तर थांबा. आणि पिन टाकणं किंवा क्यूआर कोड स्कॅन करणं फक्त पैसे द्यायला लागतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

'एक रुपयात सात दिवस' अशी ऑफर घेतली की बऱ्याचदा पाठीमागे ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या दिवशी आपोआप पैसे कापणं, चालू होतं. एकदा मंजुरी दिली की १५,००० पर्यंतची रक्कम दर वेळी पिन न विचारता कापली जाऊ शकते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती आत्ताच उघडून बघा. माझ्या नणंदेच्या यादीत तीन निघाले. एक तर पोराने गेमसाठी लावलेलं.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडली की मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका असो की किसान सन्मानची यादी. आणि जो तुम्हाला काम देतो म्हणतो तोच आधी पैसे मागत असेल, तर पुढे काही तपासायची गरज नाही.

पायरी ६: पैसे गेलेच तर

आधी १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. बँकेचे पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता येतात, म्हणून तासांचा नाही, मिनिटांचा प्रश्न असतो. व्यवहाराचा बारा आकडी नंबर यूपीआय ॲपच्या हिस्ट्रीत असतो, तो हाताशी ठेवा. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार आणि बँकेत अर्ज. चॅट, फोन नंबर, जाहिरात, काहीही पुसू नका. मी लाजेपोटी सगळं पुसलं होतं, मग सांगायला काही उरलं नाही. वस्तू किंवा सेवा खरी होती पण पैसे परत देत नाहीत, असं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरच्यांना त्याच दिवशी सांगा. लपवलेल्या दिवसांतच दुसरा फोन येतो, 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा. तो पहिल्याचाच भाऊ.

पायरी ७: ज्यांना विचारलं त्यांच्याकडे परत जा

ज्यांचा तासभर घेतला त्यांना पुढे काय झालं ते सांगायचं. पुढच्या वेळी ते जास्त खरं बोलतात. भाच्याने त्या ड्रोनवाल्याला फोन करून सांगितलं की तो आधी हंगामभर त्याच्याचकडे मदतीला येणार, पाणी-औषध भरायला, बॅटऱ्या चार्ज करायला. प्रमाणपत्राचं त्यानंतर बघू.

मी माझा पहिला बरा जमलेला ब्लाऊज घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी तो हातात घेतला आणि समोरून न बघता आधी उलटा केला. आतली शिलाई बोटाने चाचपली, अस्तराची कड ओढून पाहिली.

"मुंढ्यात अजून अर्धा इंच सोडशील," म्हणाल्या, आणि परत दिला.