विज्ञान शाखेची अभ्याससहल : या चुका टाळा

सहलीची तारीख ठरते, बस ठरते, जेवणाचे ठरते. प्रश्न मात्र कोणी ठरवत नाही. विद्यापीठ स्तरावरील बहुतेक अभ्याससहली फसतात त्या याच चुकीमुळे, आणि पुढच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटी जन्मतात. नागपूरकरांना तर प्रश्नासाठी लांब जाण्याची गरज नाही. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ साली नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात टाकळीच्या जीवाश्मांचे वर्णन आहे. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख कसे सापडतात, एवढा एक प्रश्न आठवडाभर आधी वर्गात मांडला, तरी विद्यार्थी खडकाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

दुसरी चूक निरीक्षणातली आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक तुकडीत आढळते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाची, नोंद अनेक जण ‘तपकिरी, ठिसूळ खडक’ अशी करतात, कारण त्यांनी हवापाण्याने झिजलेला पृष्ठभागच पाहिलेला असतो. हातोड्याने कोपरा फोडून ताजी कड उघडी केली, की आतला करडा-काळा, बारीक कणांचा खडक दिसतो. दोन्ही रंग लिहावेत, मगच भिंग काढावे. मनसरच्या मँगनीज खाणीत याच्या उलट घडते : काळा, हाताला जड लागणारा आणि बोटे काळी करणारा दगड दिसताच सगळे ‘पायरोल्युसाइट’ हे मँगनीजचे खनिज लिहून मोकळे होतात. रंगावरून खनिज ठरवू नये. काठिण्य आणि कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) तपासल्याशिवाय नाव लिहूच देऊ नये. खाणीत जाण्यासाठी पूर्वपरवानगी आणि हेल्मेट लागते, हे वेगळे सांगायला नको.

एका दिवसात मनसर, रामटेक आणि पेंच उरकण्याचा हव्यास मात्र सोडावा. तीन ठिकाणे पाहून आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा एका उघड्या कड्यासमोर तीन तास बसून रेखाटन केलेला विद्यार्थी अधिक शिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदी बसमध्ये परतताना लिहिल्या, तर नमुन्यांची सरमिसळ होते. नमुना उचलताच त्यावर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक, ठिकाण व थराची नती (थराचा उतार क्षितिजाशी किती अंशांचा आहे ते) फील्डबुकात उतरवावी. दोन विद्यार्थ्यांनी मोजलेली नती जुळली नाही, तर शिक्षकांनी लगेच ‘बरोबर’ आकडा सांगू नये. दोघांनाही त्याच थरावर पुन्हा मोजायला लावावे, कारण होकायंत्र कुठे टेकवले यातच बहुतेकदा फरक दडलेला असतो. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात तर काहीच उचलू अथवा तोडू नये, तेथे छायाचित्र आणि नोंद पुरेशी आहे.

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या उन्हात खडकावर हात ठेववत नाही. भूविज्ञानाची सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तर वनस्पतिशास्त्राची पावसाळा ओसरताच न्यावी. गुण देताना टंकलिखित अहवालाआधी फील्डबुक मागावे आणि त्यातली खाडाखोड गुण कापण्याचे कारण ठरवू नये.