राजीनाम्यावर सही केली नाही, म्हणून नोकरी परत मिळाली

२०१८ सालची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं मोल्डिंगला होतो. एका संध्याकाळी ऑफिसात बोलावून छापील राजीनामा पुढं ठेवला. "सही करा, हिशेब घ्या, उद्यापासून येऊ नका." ना नोटीस, ना चौकशी. हात थरथरत होता, पण सही केली नाही. त्या एका नकारावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं. तिथूनच पोस्टात जाऊन रजिस्टर एडीनं पत्र पाठवलं : मी कामावर यायला तयार आहे, मला आत घेत नाहीत. पुढं मालकानं "हा स्वतःच काम सोडून गेला" असं सांगितलं, तेव्हा ती पोचपावतीच कामी आली. पगारपत्रकं आणि पीएफचं पासबुकही जपून ठेवलं होतं. वर्षात २४० दिवस काम भरलेल्याला कपातीच्या नावाखाली काढायचं, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागं पंधरा दिवसांची भरपाई द्यावीच लागते. मला यातलं काहीच दिलं नव्हतं.

सहायक कामगार आयुक्तांकडं अर्ज दिला. तडजोड झाली नाही. पंचेचाळीस दिवस उलटल्यावर थेट कामगार न्यायालयात गेलो. आईनं पाटल्या गहाण ठेवल्या, तो दिवस विसरत नाही. साक्षीपुराव्याआधीच मालक समझोत्याला आला : जुनी सेवा धरून परत कामावर, मागचा निम्मा पगार.

तेव्हा दावा लावायला तीन वर्षं मिळायची. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, म्हणजे कामगारांच्या वादांच्या नव्या कायद्यात, दोनच. म्हणून आधी पत्र टाका, आजच.