अॅझ्टेक दुतोंडी सर्पाचं उठावचित्र

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मेक्सिकोतल्या जुन्या अॅझ्टेक लोकांचा एक दुतोंडी सर्प आहे. लाकडावर पिरोज्याचे बारीक तुकडे राळेनं चिकटवलेले, नाक नि हिरड्या तांबड्या शिंपल्याच्या, दात पांढऱ्या शंखाचे. रुंदी सुमारे 43 सेंमी. कात टाकून नवा होणारा साप त्यांच्यासाठी पुनर्जन्माचं चिन्ह होता. तोच सर्प त्याच मापात उठावात करता येतो.

55×30 सेंमीचा, 12 मिमी जाड प्लायवूड घ्या. निम्मं पाणी घातलेलं फेव्हिकॉल दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. सर्पाच्या अंगाला ठळक नागमोडी वळणं द्या, दोन्ही टोकांना बाजूनं दिसणारी डोकी काढा. मांडुळासारखी बोथट टोकं नकोत, सगळा दरारा उघड्या जबड्यात आहे. हा आकार 10 मिमी थर्माकोलमधून कापा, कडा ब्लेडनं गोल करून फळीवर चिकटवा.

दोन वाट्या सिरॅमिक पावडर, एक वाटी फेव्हिकॉल घट्ट मळा. पाणी घालू नका. या लगद्याचा 3 मिमी थर सर्पावर द्या. थर जाड झाला किंवा उन्हात वाळवला तर वरचा भाग आधी कडक होतो, आतला नंतर आकसतो आणि तडे जातात. सावलीत दोन दिवस ठेवा, मग 180 नंबरच्या सँडपेपरनं घासा. दात एम-सीलचे करून आत्ताच बसवा. दात सोडून सर्व अंगाला गडद तपकिरी अॅक्रिलिक लावा. ही पायरी गाळू नका. फटींतून पांढरं डोकावलं की तुकडे सुटे सुटे दिसतात.

पिरोज्याऐवजी दहा-बारा अंड्यांची टरफलं चालतात. रात्रभर पाण्यात भिजवून आतला पापुद्रा काढा, नाहीतर चिकटवलेलं टरफल त्या पापुद्र्यापासून सुटतं. वाळल्यावर तीन छटांत रंगवा: नुसता पिरोजी, पांढरा मिसळलेला, थोडा हिरवट. हिरड्यांसाठी काही टरफलं तांबडी करा. मग तोडा, निळ्या छटा एकत्र मिसळा.

खरं कसब इथे आहे. सरळ अंगावर 5-6 मिमीचे तुकडे चालतात; वळणावर, नाकाडावर 2-3 मिमीचेच हवेत, कारण मोठ्या तुकड्याचा कोपरा उचलला जातो. आधी कडेची ओळ लावा, मग आत भरा. एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेलाच फेव्हिकॉल लावा, चिमट्यानं तुकडा ठेवा, ओल्या बोटानं दाबा. मध्ये अर्धा मिमी फट सोडा.

शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या मॅट व्हार्निशचे दोन पातळ हात द्या. थिनरचं लॅकर वापरलं तर कुठूनही आत झिरपून थर्माकोल विरघळवतं.