एका गाण्याचे दोन हक्क: डिजिटल कमाई पूर्ण कशी मिळवावी

वितरकाकडून, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, गाणं स्पॉटिफाय, यूट्यूबवर चढवलं की सगळे पैसे आपोआप येतील, हा समज फार महागात पडतो. गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द आणि चाल ही एक, त्यांचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. वितरक साधारणपणे दुसरीचेच पैसे आणतो. गीतकार-संगीतकाराचा वाटा मिळवायला रॉयल्टी संस्थेचं (गाणं वाजल्याचे पैसे गोळा करून हक्कदारांना वाटणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व किंवा त्यांच्या वतीने ही वसुली करणारा संगीत प्रकाशक लागतो, आणि तिथे प्रत्येक गाण्याची वेगळी नोंद करावी लागते.

नोंदीआधी वाटे कागदावर ठरवून सगळ्यांच्या सह्या घ्या, शक्यतो ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच. गीतकाराने ५० टक्के नोंदवले आणि संगीतकाराने ६०, तर बेरीज ११० होते. मग वाद मिटेपर्यंत संस्था पैसे अडवून ठेवू शकते. गाणं चाललं की वाट्याची बोलणी अवघड होतात, हेही ध्यानात असू द्या.

ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकी क्रमांक मिळतो. रीमिक्स किंवा लाइव्ह आवृत्तीला नवा क्रमांक घ्या. तेच ध्वनिमुद्रण पुढे अल्बममध्ये घेतलं, तर जुनाच ठेवा. शब्द-चालीचा क्रमांक वेगळा, आयएसडब्ल्यूसी. रॉयल्टी संस्थेच्या अर्जात गाण्यासोबत आयएसआरसीही भरा. ही जोडणी नसली की गाणं वाजतं, पण पैसे कोणाचे ते कळत नाही. अमेरिकेत २०२१ साली अशीच मालक न जुळलेली सुमारे ४२.४ कोटी डॉलरची रक्कम स्ट्रीमिंग सेवांनी तिथल्या नव्या वसुली संस्थेकडे सुपूर्द केली होती. नावाचं स्पेलिंग सगळीकडे हुबेहूब एकच ठेवा. एक अक्षर बदललं तरी कलाकाराची दोन पानं तयार होऊ शकतात.

फाइल वॅव्ह स्वरूपात, किमान १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. मुखचित्र ३००० बाय ३००० पिक्सेल. प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी सगळं वितरकाकडे द्या, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान ७ दिवस आधी सुचवावं लागतं.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम, म्हणजे गाणं एकदा वाजल्याची नोंद, मोजला जात नाही. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे पैसेच मिळत नाहीत. म्हणून दहा गाणी एकदम टाकण्यापेक्षा एकेका गाण्यामागे जोर लावलेला बरा.

यूट्यूबवर इतरांच्या व्हिडिओत तुमचं गाणं वाजलं, तर त्याचे पैसे कंटेंट आयडी या गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेतून येतात. मात्र गाण्यात सर्वांना खुला असलेला तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा संगीताचा तुकडा) असेल, तर दावा करू नका. तोच लूप वापरणाऱ्या भलत्याच माणसाच्या व्हिडिओवर दावा लागतो आणि तुमची कंटेंट आयडीची सुविधा बंद होऊ शकते.

वितरक बदलताना जुनी प्रत आधी काढू नका. तीच फाइल, तेच शीर्षक आणि तोच आयएसआरसी देऊन नवी प्रत चढवा, स्ट्रीमचा आकडा जुळलेला दिसला की मगच जुनी उतरवा.